समुद्राच्या लाटांची उपग्रहाने केलेली मोजणी : ती कितपत खरी?

लातूरच्या आडतीत तुरीचे पोते काट्यावर चढते, तेव्हा शेतकऱ्याची नजर काट्यावर खिळलेली असते. माल त्याच्या ओळखीचा असतो. काटा मात्र परक्याचा असतो, आणि वर्षभराच्या कष्टांचे मोल त्या काट्याच्या खरेपणावर अवलंबून राहते. म्हणूनच वजनेमापे तपासण्यासाठी सरकारने निरीक्षक नेमले आहेत. निरीक्षक आपल्याजवळचे प्रमाणित वजन पारड्यात ठेवतो आणि काटा खरा की खोटा, हे तत्काळ सांगतो.

परंतु काही मापे अशी आहेत की, ती तपासण्यास लागणारे प्रमाणित वजन जगाच्या पाठीवर कोठेही ठेवलेले नाही. समुद्रावरील लाटांची उंची हे त्यांपैकी एक होय. आठशे ते तेराशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आज ही उंची मोजतात व तिचे आकडे पृथ्वीवर पाठवितात. ते आकडे कितपत विश्वसनीय आहेत, आणि प्रमाणित वजन हाती नसता ही पारख करावी तरी कशी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आम्हां मराठवाड्यातील लोकांस समुद्राशी काय कर्तव्य, असे एखादे पालक विचारतील. त्यांनी नांदेडच्या जुन्या पुलावरील गोदावरीच्या पातळीचा विचार करावा. तेथे ३५१ मीटर ही इशाऱ्याची व ३५४ मीटर ही धोक्याची पातळी मानतात. नदी काही साडेतीनशे मीटर खोल नाही. ही उंची समुद्रसपाटीपासून धरलेली आहे. म्हणजे आपल्या नदीच्या पुराचे मापदेखील समुद्रापासूनच सुरू होते. शिवाय आपल्या शेतांवर पडणारा पाऊसही मुख्यतः समुद्रावरूनच येतो. तेव्हा समुद्र दृष्टीआड असला, तरी तो आपल्या हिशेबाबाहेर नाही.

१. लाटेची उंची कशाला म्हणावे?

लाटेच्या उंच भागास शीर्ष व खोलगट भागास द्रोणी म्हणतात, हे विद्यार्थ्यांनी भूगोलात वाचलेच आहे. शीर्षापासून लगतच्या द्रोणीपर्यंतचे उभे अंतर ती लाटेची उंची. ही व्याख्या सोपी आहे. अडचण पुढेच आहे. विहिरीत खडा टाकला असता उठणाऱ्या लाटा एकीसारखी दुसरी असतात. समुद्रावर मात्र तेथल्याच वाऱ्याने उठविलेल्या आखूड लाटा आणि दूरच्या वादळाकडून आलेल्या लांब लाटा एकमेकींवर चढत असतात. एक लाट हातभर, तर दुसरी पुरुषभर. मग 'आज समुद्रावर दोन मीटरांच्या लाटा आहेत' ह्या वाक्याचा अर्थ काय घ्यावा?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्य किनाऱ्यावर उतरविण्यासाठी लाटांचा अंदाज आगाऊ कळणे अवश्य झाले. त्या वेळी हाराल्ड स्वेर्ड्रुप व वॉल्टर मंक ह्या दोघा शास्त्रज्ञांनी एक व्यवहार्य माप रूढ केले. पाहिलेल्या सर्व लाटा उंचीच्या क्रमाने मांडाव्या, त्यांतील सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटा निवडाव्या आणि फक्त त्यांचीच सरासरी काढावी. अनुभवी खलाशी डोळ्यांनी अदमास करून जी उंची सांगतो, तिच्याशी ही सरासरी बरीच जुळते. तिला आपण 'लक्षणीय उंची' म्हणू.

उदाहरणार्थ, नऊ लाटांची उंची ०.५, ०.६, ०.८, ०.९, १.०, १.२, १.५, १.७ व १.९ मीटर आहे असे समजा. सर्वांची सरासरी १.१ मीटरांच्या जवळपास येते. परंतु शेवटच्या तीन लाटांची सरासरी १.७ मीटर आहे. ह्या समुद्राची लक्षणीय उंची १.७ मीटर.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. लक्षणीय उंची म्हणजे सर्वांत मोठी लाट नव्हे. साधारणपणे हजार लाटा जाऊ दिल्या, तर त्यांतील सर्वांत उंच लाट लक्षणीय उंचीच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. हजार लाटांस दोन-तीन तास लागतात. म्हणजे 'दोन मीटर' ऐकून निघालेल्या होडीस दुपारपर्यंत पावणेचार मीटरांची एखादी लाट भेटणे मुळीच नवलाचे नाही.

२. उपग्रह लाट कशी मोजतो?

उपग्रहावर छायाचित्र काढणारा कॅमेरा असतो व तो लाटा पाहतो, अशी पुष्कळांची समजूत असते. आपण ज्या उपग्रहांविषयी बोलत आहो, त्यांची रीत निराळी आहे. त्यांवर उंचीमापक रडार असते. ते सरळ खाली रेडिओलहरींचे अत्यंत अल्पकालीन ठोके पाठविते आणि पाण्यावरून परत येणारा प्रतिध्वनी टिपते. ठोका जाऊन परत येण्यास लागलेल्या वेळेवरून उपग्रह पाण्यापासून किती उंच आहे हे कळते. आठशे किलोमीटरांवरून हा सारा प्रवास एका सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात पुरा होतो.

लाटांची उंची मात्र प्रतिध्वनी केव्हा आला ह्यावरून कळत नाही. तो कसा आला ह्यावरून कळते. एक दृष्टांत घेऊ. शर्यतीच्या शेवटच्या दोरीजवळ एक शिक्षक उभे आहेत. शर्यत कोठून सुरू झाली, हे त्यांस दिसत नाही. सर्व मुले सारख्याच वेगाने धावतात असे माना. मुले एका रेषेत उभी राहून निघाली असतील, तर सगळी एकदम येऊन पोहोचतील. काही पुढे व काही मागे उभी राहून निघाली असतील, तर पुढची आधी, मागची नंतर, अशी रेंगाळत येतील. पहिल्या व शेवटच्या मुलाच्या येण्यात किती अंतर पडले, ह्यावरून शिक्षक प्रारंभीची विस्कळीत मांडणी ओळखतील. समुद्र शांत असला की प्रतिध्वनी एकदम चढतो. समुद्र खवळलेला असला की लाटांच्या शीर्षांवरून परतणाऱ्या लहरी आधी येतात, द्रोणींवरून परतणाऱ्या नंतर येतात, आणि प्रतिध्वनीचा चढ लांबतो. त्या चढाच्या लांबीवरून लक्षणीय उंची काढतात.

हे काम किती नाजूक आहे पाहा. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोसेकंद म्हणतात. तेवढ्या अवधीत प्रकाश व रेडिओलहरी अवघे ३० सेंटीमीटर जातात. एक मीटर उंचीच्या फरकाने प्रतिध्वनीत जाण्यायेण्याचा मिळून सहा-सात नॅनोसेकंदांचा फरक पडतो. एकच प्रतिध्वनी फार खरखरीत असतो; म्हणून दर सेकंदास हजारो ठोके पाठवून त्यांची सरासरी घेतात. तेवढ्या एका सेकंदात उपग्रह समुद्रावरून सहा-सात किलोमीटर पुढे गेलेला असतो.

अमेरिकेचा सीसॅट हा १९७८ साली सोडलेला उपग्रह सुमारे साडेतीन महिनेच चालला. परंतु ही रीत उपयोगी आहे, हे त्या अल्प आयुष्यात चांगले दिसून आले. पुढे १९९२ साली अमेरिका व फ्रान्स ह्यांचा टोपेक्स-पोसायडन आणि त्यानंतर जेसन मालिकेतील उपग्रह आले. आपल्या देशाने फ्रान्सच्या सहकार्याने २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून 'सरल' हा उपग्रह सोडला. त्यावरील 'अल्टिका' ह्या यंत्राने सुमारे ८ मिलिमीटर लांबीच्या लहरी वापरल्या; आधीच्या बहुतेक उंचीमापकांची मुख्य लहर दोन सेंटीमीटरांहून थोडी अधिक लांब होती. आखूड लहरीमुळे व वेळेच्या बारीक विभागणीमुळे अल्टिकाला पृष्ठभागाचा अधिक सूक्ष्म तपशील कळू शकला.

३. पाण्यावरचा साक्षीदार

उपग्रहाचे बोलणे पडताळावयाचे, तर प्रत्यक्ष पाण्यावर कोणीतरी साक्षीदार हवा. तो म्हणजे बोया. नेदरलँड्समध्ये बनणारा लाटमापक बोया हा पाऊण ते एक मीटर व्यासाचा गोळा असून तो लवचीक दोराने तळाशी बांधलेला असतो. तो लाटेबरोबर वर जातो व खाली येतो. त्याच्या पोटात वेगातील बदल नोंदणारे यंत्र असते. एस.टी.च्या गाडीत डोळे मिटून बसले, तरी गाडी केव्हा वेग घेते व केव्हा आवरते, हे अंगास कळते. तसेच ह्या यंत्रासही कळते. त्या नोंदीवरून गणिताने आधी वेग व मग वरखाली झालेले अंतर काढतात.

कोकणात रत्नागिरीजवळच्या समुद्रात असा लाटमापक बोया ठेवून लाटांच्या नोंदी घेतल्या गेल्या आहेत. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र किनाऱ्यालगतच्या अशा बोयांचे आकडे गोळा करते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्यावरील लाटांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. आणि खोल समुद्रात नांगरून ठेवलेले बोये चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था सांभाळते. ह्या नोंदींवरून दिसते की, हिवाळ्यात कोकण किनाऱ्याजवळ लक्षणीय उंची बहुधा एक मीटरच्या आसपास असते, तर भर पावसाळ्यात ती तीन-चार मीटरांपर्यंत व कधी त्याहून वरही जाते.

४. दोन मापांची तुलना

उपग्रह कोणत्याही बोयाच्या नेमका डोक्यावरून क्वचितच जातो. जेसन सुमारे दहा दिवसांनी आपल्या जुन्या वाटेवर परततो. सरलला पहिल्या काळात पस्तीस दिवस लागत असत. म्हणून उपग्रहाची वाट बोयापासून ५० किलोमीटरांच्या आत असावी व दोन्ही नोंदींत अर्ध्या तासाहून अधिक अंतर नसावे, असा नियम पुष्कळ अभ्यासक पाळतात. मर्यादा फार सैल ठेवली, तर दोन निराळ्या समुद्रांची तुलना होईल. फार आवळली, तर तुलनेस जोड्याच मिळणार नाहीत.

आता जोड्या मिळाल्या असे समजू. पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी आम्ही कल्पिलेले आहेत.

बोया : १.०, १.५, २.०, ३.०, ४.० मीटर
उपग्रह : १.३, १.६, २.१, २.९, ४.१ मीटर

उपग्रहातून बोया वजा करता फरक येतात : +०.३, +०.१, +०.१, −०.१, +०.१. त्यांची बेरीज ०.५ व सरासरी ०.१ मीटर. ह्या सरासरीस 'कल' म्हणावे. कल सांगतो की, हा उपग्रह एकंदरीत दहा सेंटीमीटर अधिक मोजतो. असा दोष कळला की, तो वजा करून सुधारता येतो.

पण केवळ कल पाहून थांबणे धोक्याचे आहे. एका दिवशी एक मीटर अधिक व दुसऱ्या दिवशी एक मीटर उणे मोजणाऱ्या यंत्राचा कल शून्यच येईल. म्हणून काय ते यंत्र निर्दोष ठरले? ह्यासाठी प्रत्येक फरकाचा वर्ग करावा, वर्गांची सरासरी घ्यावी व तिचे वर्गमूळ काढावे. वरील उदाहरणात वर्गांची बेरीज ०.१३, सरासरी ०.०२६ व वर्गमूळ सुमारे ०.१६ मीटर येते. वर्ग केल्याने अधिक-उण्याची लपवालपवी चालत नाही.

तिसरे माप सहसंबंधाचे. दोन मापे बरोबरीने चढतात व उतरतात की नाही, हे त्यावरून कळते. पूर्ण जुळले तर ते १ येते. वर्तमानपत्रांत व जाहिरातींत ह्या आकड्याचा फार गवगवा होतो. परंतु जे यंत्र प्रत्येक लाट बरोबर दुप्पट सांगते, त्याचाही सहसंबंध १ च येतो! तेव्हा ही तिन्ही मापे एकत्र पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये.

वरील उदाहरणात आणखी एक गोष्ट चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानात आली असेल. एक मीटरच्या लाटेत चूक शेकडा ३० आहे, तर चार मीटरच्या लाटेत ती शेकडा अडीचच आहे. प्रत्यक्षातही लहान लाटांच्या बाबतीत उपग्रह अधिक चाचपडतो. कारण जेसनच्या यंत्राची वेळेची एक घडी सुमारे तीन नॅनोसेकंदांची, म्हणजे उंचीच्या भाषेत सुमारे ४७ सेंटीमीटरांची आहे. अल्टिकाची घडी सुमारे ३० सेंटीमीटरांची होती. घडीहून लहान वस्तू मोजताना हात अडखळणारच. ह्यास्तव जेसन मालिकेच्या तातडीने पुरविलेल्या मापांसाठी अचूकतेची अट अशी ठेवली गेली की, चूक शेकडा १० किंवा अर्धा मीटर, यांतील जे मोठे असेल त्याच्या आत असावी.

५. साक्षीदारच चुकला तर?

येथवर आपण बोया खरा मानून चाललो. पण बोया म्हणजे निरीक्षकाचे प्रमाणित वजन नव्हे. उंच व तीव्र चढाच्या लाटेत तो शीर्षावर न चढता बाजूने घसरतो. दोर त्यास मागे ओढतो. कालांतराने त्याच्या अंगावर शंख-शिंपले व शेवाळ वाढते. शिवाय तो एकाच जागी वीस-तीस मिनिटे पाहतो, आणि तेवढ्या लाटांवरून काढलेल्या उंचीत केवळ योगायोगाने शेकडा पाच-दहांचा फरक पडू शकतो. उलट, उपग्रह एका क्षणात अनेक किलोमीटर समुद्र पाहतो. दोघांत फरक आला, तर दोष कोणाचा?

दोनच साक्षीदार असतील, तर हे कळण्यास मार्ग नाही. तिसरा मिळाला, तर मात्र मार्ग निघतो. तिसरा साक्षीदार म्हणजे वाऱ्याच्या नोंदींवरून संगणकाने गणित करून काढलेली लाटांची उंची. आता पुढील विचार नववी-दहावीच्या बीजगणितापलीकडचा नाही. बोया, उपग्रह व गणित ह्यांच्या चुकांच्या वर्गांची सरासरी अनुक्रमे क, ख, ग माना. प्रत्येकाचा कल आधीच काढून टाकला असेल व तिघांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर कोणत्याही दोघांमधील फरकाच्या वर्गांची सरासरी म्हणजे त्या दोघांच्या चुकांच्या वर्गांची बेरीज. खरी उंची कोणासच ठाऊक नाही. परंतु दोघादोघांमधील फरक आपण मोजू शकतो. समजा, मोजून असे आले :

क + ख = ५००
क + ग = १०००
ख + ग = १३००

पहिल्या दोन समीकरणांची बेरीज करून तिसरे वजा केले व दोहोंनी भागले, तर क = १००. त्यावरून ख = ४०० व ग = ९००. वर्गमुळे घेता बोयाची चूक १०, उपग्रहाची २० व गणिताची ३० सेंटीमीटर. ही रीत १९९८ साली आड स्टॉफेलेन ह्या डच शास्त्रज्ञाने समुद्रावरील वाऱ्याच्या मापांसाठी मांडली व पुढे ती लाटांसही लावण्यात आली. खरे उत्तर हाती नसता प्रत्येकाची चूक वेगळी काढून देणारी ही युक्ती आम्हांस बीजगणिताच्या फार सुंदर उपयोगांपैकी एक वाटते.

मात्र तिचा सारा भार 'स्वतंत्र' ह्या एका शब्दावर आहे. संगणकाच्या गणितात त्याच उपग्रहाचे आकडे आधीच मिसळलेले असतील, तर ते दोघे संगनमताने बोलणारच. उपग्रहाचे यंत्र ज्या बोयांवरून जुळवून घेतले, त्याच बोयांशी पुन्हा तुलना करून 'पाहा, कसे छान जुळते!' असे म्हणण्यातही अर्थ नाही. फळ्यावर सोडवून दिलेले उदाहरण परीक्षेत घातले, तर सर्वच मुलांस पैकीच्या पैकी गुण मिळतात. त्यावरून कोणास गणित येते हे कळत नाही. म्हणून काळजी घेणारे अभ्यासक काही बोये तपासणीसाठी मुद्दाम बाजूस राखून ठेवतात.

६. माप कोठे बिघडते?

पहिली अडचण किनाऱ्याची. उपग्रह जमिनीजवळ आला की, त्याच्या रडारच्या टापूत डोंगर, खाडी व वाळूही येतात व प्रतिध्वनी भेसळीचा होतो. म्हणून किनाऱ्यापासून दहा-वीस किलोमीटरांच्या आतले माप जपूनच घ्यावे लागते. मच्छीमारांच्या लहान होड्या बहुधा ह्याच पट्ट्यात असतात! ह्याचकरिता किनाऱ्यालगतच्या बोयांची गरज अद्याप संपलेली नाही.

दुसरी अडचण पावसाची. आठ मिलिमीटरांची लहर पावसाच्या थेंबांनी पुष्कळ शोषली जाते. दोन सेंटीमीटरांची लहर त्यामानाने सहज पार होते. म्हणजे जी आखूड लहर सूक्ष्म तपशिलास उपकारक, तीच मुसळधार पावसात अपकारक. तिसरी अडचण अत्युच्च लाटांची. वादळाचा ऐन जोर थोडे तासच टिकतो व त्या वेळी उपग्रह नेमका तेथून जाईलच असे नाही. तेव्हा आठ-दहा मीटरांच्या लाटांच्या जोड्या फार थोड्या मिळतात. जेथे माप सर्वांत महत्त्वाचे, तेथेच त्याची पारख सर्वांत तुटपुंजी.

चौथी अडचण यंत्राच्या वार्धक्याची, आणि तिची हकिकत बोधप्रद आहे. टोपेक्सचे उंचीमापक १९९२ पासून उत्तम चालले होते. पुढे १९९७-९८ च्या सुमारास त्याने सांगितलेली लाटांची उंची हळूहळू वाढू लागली. समुद्र खरोखरच अधिक खवळू लागला होता काय? बोयांशी व दुसऱ्या उपग्रहांशी ताडून पाहता त्यांत तशी वाढ आढळेना. निष्कर्ष असा निघाला की, समुद्र होता तसाच आहे. यंत्राचे भाग झिजून प्रतिध्वनीचा आकार बदलत चालला आहे. अखेर फेब्रुवारी १९९९ मध्ये ते यंत्र बंद करून उपग्रहावर राखीव ठेवलेले दुसरे यंत्र चालू करण्यात आले. तुलना करण्याची शिस्त नसती, तर एका झिजलेल्या यंत्राच्या साक्षीवरून जगभरचे समुद्र उंचावल्याची वार्ता पसरली असती.

ही भीती काल्पनिक नाही. २०१९ साली इयान यंग व अगुस्तिनस रिबल ह्या दोघा शास्त्रज्ञांनी १९८५ ते २०१८ ह्या काळातील ३१ उपग्रहांच्या नोंदी ऐंशीहून अधिक बोयांशी ताडून एकत्र आणल्या. त्यांस असे दिसले की, अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात अत्युच्च लाटा तीस वर्षांत सुमारे ३० सेंटीमीटरांनी वाढल्या. म्हणजे वर्षास एक सेंटीमीटर! इतका बारीक बदल खरा मानावयाचा, तर एक उपग्रह संपून दुसरा सुरू होताना त्यांच्या मापांत पडणारा फरक आधी निपटून काढणे किती अगत्याचे आहे, हे सांगावयास नको. आणि त्या दूरच्या महासागरात उठलेल्या लांब लाटा काही दिवसांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतात.

७. ह्या खटाटोपाचे फळ

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा समुद्रात गेलेल्या अनेक मच्छीमारांस घरी परतता आले नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा २६१ माणसे असलेला तराफा बुडाला व साठांहून अधिक जीव गेले. ह्या दुर्घटनांची कारणे अनेक आहेत आणि त्या सर्वांचा निवाडा करणे हा आमचा विषय नव्हे. परंतु समुद्रावर जाणाऱ्याने निघावे की थांबावे, हे ठरविण्याच्या साधनांत आज लाटांच्या अंदाजाचे स्थान मोठे आहे. आणि तो अंदाज उपग्रह, बोये व गणित ह्यांच्या आकड्यांवर उभा असतो.

समजा, एखाद्या होडीस तीन मीटरांपर्यंतची लक्षणीय उंची सोसते व अंदाज अडीच मीटरांचा आहे. अंदाजातील चूक दहा सेंटीमीटरांची असेल, तर नाखव्याने निघण्यास हरकत नाही. चूक एक मीटरची असेल, तर तोच 'अडीच' हा आकडा त्यास मृत्यूच्या दारी नेऊ शकतो. उलट, भीतीपोटी प्रत्येक वेळी आकडा फुगवून सांगितला, तर दोन-चार दिवसांची कमाई बुडते, आणि पुढे खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी लक्ष देत नाही. म्हणून आकड्याबरोबर त्याची चूक सांगणे हा प्रामाणिकपणाचाच भाग आहे. जो केवळ आकडा सांगतो, त्याने अर्धीच गोष्ट सांगितली असे समजावे.

ही विद्या आता आपल्या दाराशीही आली आहे. उंचीमापक उपग्रह मोठ्या जलाशयांची पातळी मोजू शकतात, आणि १६ डिसेंबर २०२२ रोजी सोडलेला अमेरिका व फ्रान्स ह्यांचा स्वॉट हा उपग्रह शंभर मीटरांहून रुंद नद्यांच्या पातळीचेही मापन करण्यासाठी बनविला आहे. गोदावरीसारखी नदी त्याच्या कक्षेबाहेर नाही. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे जलाशयात पाणी किती उरले ह्या आकड्याचे मोल कोणास समजावून सांगावयास नको. तो आकडा उपग्रहाने सांगितला, तरी धरणाच्या भिंतीवरील मोजपट्टीशी त्याची गाठ घालून पाहिलीच पाहिजे. आणि मोजपट्टीचा पाया खचला नाही ना, हेही अधूनमधून पाहिले पाहिजे.

विद्यार्थ्यांनी ह्या सर्वांतून एवढे ध्यानात ठेवावे. यंत्र आकाशात आहे म्हणून ते खरे ठरत नाही, आणि त्यात चूक सापडली म्हणून ते टाकाऊही ठरत नाही. ज्याची चूक किती व कोणत्या बाजूची हे माहीत आहे, ते माप उपयोगी. ज्याची चूक कोणी तपासलीच नाही, ते कितीही सुबक दिसले तरी त्यावर होडी लोटू नये.

अभ्यासासाठी

१. नऊ लाटांची उंची ०.४, ०.७, ०.९, १.१, १.३, १.४, १.८, २.१ व २.४ मीटर आहे. लक्षणीय उंची काढा व ती सर्व लाटांच्या सरासरीशी ताडून पाहा.

२. एका यंत्राचा कल शून्य आहे व दुसऱ्याचा सहसंबंध १ आहे. केवळ एवढ्यावरून दोहोंपैकी कोणतेही यंत्र विश्वसनीय का म्हणता येत नाही?

३. क + ख = १३, क + ग = २०, ख + ग = २५ असल्यास तिन्ही साक्षीदारांच्या चुका काढा.

४. पावसाळ्यात घराच्या अंगणात सारख्या आकाराचे दोन उभट डबे दहा पावलांच्या अंतराने ठेवा. पंधरा दिवस प्रत्येकात साचलेल्या पावसाची उंची मिलिमीटरांत लिहा. मग कल व फरकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ काढा. दोन्ही डबे सारखे असता फरक का पडला, ह्याची कारणे घरातील वडील मंडळींशी बोलून लिहा.